सासूबाईंची कन्नड बंद करायची का? (मुलगा २ वर्षं ४ महिने)

नववी_गल्ली:

नमस्कार मंडळी. इथं बरेच महिने नुसती वाचत होते. आज लिहिते, कारण चार दिवस झाले घरात कुणी धड बोलत नाही.

आम्ही राजारामपुरीत राहतो. माझं माहेर कराड, म्हणजे मराठीच. सासूबाई संकेश्वरच्या. कोल्हापुरात येऊन चाळीस वर्षं झाली, पण पैसे मोजताना, देवापुढं आणि रागात अजून कन्नडच. मिस्टर दोन्ही बोलतात. मी बँकेत, त्यामुळं साडेनऊ ते सहा बाळ सासूबाईंकडं.

बाळाचं बोलणं असं: "अज्जी, नीर दे." "पप्पा, इकडं बा." दूध नको असलं की "मला हाल ब्याड". जून महिन्यात प्लेग्रुपला घातला, तिथं इंग्लिश. मागच्या आठवड्यात तिथल्या बाईंनी फाटकापाशी सांगितलं, की हा तीन भाषांत गोंधळलाय, म्हणून कमी बोलतो, घरात एकच भाषा ठेवा आणि जमलं तर ती इंग्लिश ठेवा. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

त्या दिवसापासून त्या नातवाशी फक्त मराठी बोलतात. मराठी येतं त्यांना, पण लिंगात घसरतात. "बाळ, तुझी दूध संपली का?" असं. चमचा म्हणताना 'चिमणी'तला च लावतात. पोरगं त्यांच्याकडं पाव्हणं बघावं तसं बघतं.

सगळ्यात लागलं ते जिन्याचं. रोज संध्याकाळी दोघं जिना उतरताना पायऱ्या मोजायचे: ओंद, येरड, मूर, नाक, ऐद. चौथ्या पायरीला 'नाक' आलं की हा थांबून स्वतःच्या नाकाला हात लावायचा आणि दोघं खिदळायचे. चार दिवस झाले, मुकाट उतरतात.

मोबाईलवर एका ग्रुपात येतं, दोन भाषांची मुलं फार हुशार होतात, म्हातारपणी विसरभोळेपणासुद्धा येत नाही. प्लेग्रुपच्या बाई म्हणतात गोंधळ. खरं काय? आणि सासूबाईंचे उच्चार बाळाला चिकटतील का, हीही एक धाकधूक आहे. खोटं कशाला बोलू.

वाचाउपचार_मिरज:

ताई, मी बारा वर्षं लहान मुलांच्या बोलण्याचंच काम करते. हा सल्ला घेऊन रडत येणारी आई मला महिन्याला एक तरी भेटते.

आधी शब्द मोजा. दोन वर्षांच्या मुलाकडं साधारण पन्नास शब्द असावेत आणि दोन शब्द जोडता यावेत, असं आम्ही धरतो. मोजताना सगळ्या भाषांतले धरायचे. 'पाणी' एक, 'नीर' दुसरा. नुसतं मराठी मोजलंत तर पोर मागं दिसणारच. तुम्ही बँकेत आहात, दोन खाती असलेल्या माणसाची शिल्लक एकाच पासबुकावरून सांगाल का?

आता "मला हाल ब्याड" घ्या. मराठीत मला दूध नको, तुमच्या सासूबाईंच्या बोलीत ननग हाल ब्याड. शब्दांचा क्रम तोच, 'मला'ची जागा तीच. पोरानं मराठी 'मला' घेतला, बाकीचे दोन अज्जीचे घेतले आणि तिन्ही जिथल्या तिथं बसवले. गोंधळलेल्या मुलाला हे जमत नाही. जो शब्द आधी हाताशी येतो तो मुलं उचलतात. आपण नाही का 'गाडी पार्क करून येतो' म्हणत?

बोलण्यात खरोखर अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्यानं जात नाही. तेव्हा कन्नडला हात लावू नका. फक्त कानांची तपासणी एकदा करून घ्या. सर्दी मुरून कानात पाणी साठलेली मुलं मी खूप बघते. ती गप्प होतात आणि दोष भाषेवर जातो.

उच्चारांचं. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्यांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या उंबरठ्यावरच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला, कारण घरात त्याची गरजच पडत नव्हती. कान असा छाटणी करत तयार होतो. तुमच्या बाळाच्या कानावर तुमचा चमचा आणि त्यांचा चमचा दोन्ही पडलेत. तो स्वतः कुठला च लावतो ते ऐका. बहुतेक तुमचाच निघेल.

आणि इंग्लिशसाठी मोबाईलवर गाणी लावून देत असाल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी ऐकवली होती, २००३ चा अभ्यास. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं ते आवाज शिकली. तीच माणसं पडद्यावर दाखवली तर काहीच शिकली नाहीत. तुमच्या घरात कन्नड समोर बसून खेळणारं माणूस आहे, आणि तुम्ही त्यालाच गप्प केलंय.

गंगावेस_तालीम:

ताई लोड घेऊ नका. एकदा आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला जावा. गल्ल्यावरचा पोरगा बापासंगं सिंधीत, आपल्यासंगं मराठीत, हमालासंगं हिंदीत बोलालाय. तिन्हीकडनं बोलणं चालू, आनी नोटा मोजताना एक चुकंल तर शपथ! डोस्क्यात गोंधळ व्हायचा असता तर पयला उधारीत झाला असता.

निवृत्त_मास्तर_इचलकरंजी:

पोरी, मिरजेच्या बाईंनी सांगितलंय ते बरोबर आहे. मी वेगळं सांगायला बसलोय. 'एकच भाषा ठेवा' हा सल्ला मी स्वतः दिलाय. माझ्या वर्गात मागावर काम करणाऱ्यांची पोरं असायची, घरी कन्नड, कुणाकडं तेलुगू. १९८०च्या दशकात मी त्यांच्या आयांना बोलावून सांगायचो, घरी मराठीच बोला. माउल्या मान डोलवायच्या. घरी जाऊन पोरांशी तोडकंमोडकं मराठी बोलायच्या, म्हणजे बोलायच्याच कमी. तुझ्या सासूबाईंचं वाचलं आणि ते चेहरे आठवले.

हा समज आला कुठून, तर जुन्या चाचण्यांतून. पूर्वी दोनभाषी मुलं बुद्धीच्या चाचणीत मागं पडायची. पण बऱ्याचदा चाचणी मुलाला कच्च्या येणाऱ्या भाषेत, आणि तुलना गरीब घरातल्या पोराची खात्यापित्या घरातल्या पोराशी. १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लँबर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं निवडली, दोन्ही भाषा पक्क्या येणारी बघून घेतली, तर दोनभाषी मुलं पुढं निघाली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. एक भाषा बोलताना दुसरी झोपत नाही, तिला दाबून ठेवावं लागतं, त्या तालमीनं लक्ष एकाग्र करण्याची ताकद वाढते, असं टोरंटोच्या एलेन बियालिस्टॉक यांचं म्हणणं. यातला पहिला भाग, म्हणजे दोन्ही भाषा एकदम जाग्या असतात हा, पक्का आहे. तालमीच्या फायद्यावर मात्र वाद आहे. केनेथ पाप यांनी २०१३ मध्ये शोधला, त्यांना सापडला नाही. २०१५ मध्ये अँजेला द ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फायदा दिसलेले अभ्यास जास्त छापून येतात, न दिसलेले कपाटात राहतात. तेव्हा ग्रुपातली 'फार हुशार' वाली गोष्ट निम्म्यानं घे.

विसरभोळेपणाचं थोडं बळकट आहे. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्ण बघितले. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा. म्हणजे शाळेचा गुण म्हणून सोडून देता येत नाही. पण उशिरा म्हणजे येतच नाही असं नव्हे.

आणि 'मला हाल ब्याड'ची गंमत. आपल्या सांगलीच्या कुपवाडमध्ये गम्पर्झ आणि विल्सन यांनी अभ्यास केला होता, १९७१ मध्ये छापला. तिथले लोक पिढ्यान्पिढ्या कन्नड, उर्दू, मराठी एकमेकांशी बोलत आलेत. इतकं, की वाक्यांची घडण जवळजवळ एक झाली, शब्द तेवढे वेगळे राहिले. एका भाषेतला शब्द उचलायचा, त्या जागी दुसरीतला ठेवायचा. तुझा दोन वर्षांचा पोरगा तेच करतोय.

कागलकर_७१:

मास्तर, आमच्या आईला दोन भाषा येत होत्या, तरी झालंच. कदाचित उशिरा झालं असेल, आम्हाला काय कळणार.

ताई, तुम्हाला आमच्या घरातलं सांगतो. आई निपाणीकडची, माहेरी सगळं कन्नड. वडिलांनी लग्नानंतर सांगितलं, पोरांपुढं कन्नड नको, त्यांचं मराठी बिघडेल. आम्ही चार भावंडं, एकालाही कन्नडचा शब्द येत नाही. शहात्तराव्या वर्षी आई विसरायला लागली. आधी नावं गेली, मग मराठी गळायला लागलं, आणि खालून कन्नड वर आलं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही म्हणे, आमच्याकडं झालं.

एका रात्री ती सारखं "बागल हाक, बागल हाक" म्हणत होती. आमच्या शेजारी बागल म्हणून कुटुंब आहे. आम्हाला वाटलं, बागलांना हाक मारा म्हणतेय. रात्री अकराला बिचाऱ्या बागलकाकांना उठवून आणलं. ते आले, खाटेजवळ बसले, आईचा हात हातात घेतला. आईचं आपलं चालूच. सकाळी दूध घालायला येते ती बाई पलीकडच्या गावची. तिला विचारलं तर हसायलाच लागली. म्हणाली, दार लावा म्हणतायत. थंडी वाजत असंल.

डिसेंबरचा महिना होता. दार उघडंच टाकून आम्ही पाच माणसं तिच्याभोवती बसलो होतो.

नववी_गल्ली:

सगळ्यांचे आभार. कागलकरदादा, तुमचं मी काल रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ आईशी कन्नडमध्ये बोलत बसले. काय बोलले मला कळलं नाही. आता मलाही शिकायला हवं.

शब्द मोजले. फ्रिजवर कागद लावला, मराठीचे चौतीस, कन्नडचे एकोणतीस, इंग्लिशचे सहा. त्यातले तीन रंग. कानाच्या तपासणीची वेळ गुरुवारची मिळालीय.

चमच्याचंही ऐकलं. माझाच च आहे.

प्लेग्रुपच्या बाईंना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही, त्या वाईट नाहीत हो. पण आज सकाळी सासूबाईंनी दुधाचा पेला पुढं केला, तर हा त्यांना म्हणाला, "हाल ब्याड." त्या ऐकत नाहीत म्हटल्यावर माझ्याकडं वळून तक्रार केली, "मम्मी, दूध नको." आणि संध्याकाळी गाडी लावून वर येत होते तर जिन्यातून आवाज. चौथ्या पायरीवर दोघं थांबलेले, आणि या वेळी यानं स्वतःचं सोडून अज्जीचं नाक धरलं होतं.