मदत हवी आहे: 'क्रुकेड किंगडम'नंतर काय वाचू?

ली बार्डुगोचं 'क्रुकेड किंगडम' (२०१६), म्हणजे 'सिक्स ऑफ क्रोज' या फँटसी कादंबरीचा दुसरा भाग, नुकतंच संपवलं आणि अजून त्यातून बाहेर आलेले नाही. दुसरा भाग पहिल्याहून सरस निघणं तसं विरळच, पण 'सिक्स ऑफ क्रोज'मधली माणसं इथे कितीतरी खोल उतरतात. कुणाचा स्पर्श सहन न होणारा काझ हातमोजे काढून इनेजच्या जखमेची पट्टी बदलतो, ती पानं मी लगेच पुन्हा वाचली. साध्या स्पर्शासाठी केवढी ती धडपड!

आता यातल्याच नीनाची गोष्ट पुढे नेणारं 'किंग ऑफ स्कार्स' थेट घेऊ, की आधी बार्डुगोच्याच 'शॅडो अँड बोन' मालिकेची तिन्ही पुस्तकं वाचायलाच हवीत? 'किंग ऑफ स्कार्स'चा नायक निकोलाई तिथूनच येतो ना, म्हणून अडले आहे. ज्यांनी सगळी वाचलीत त्यांनी सांगा, प्लीज. फक्त शेवट फोडू नका!