इम्प्लांटची कॅप पुन्हा हलतेय, नुसता स्क्रू आवळून भागेल का?

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६३) खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात रोवलेला धातूचा खुंट, त्यावर स्क्रूने कॅप बसते) बसवलंय. त्याची कॅप पुन्हा हलायला लागलीय. दुखत नाही, सूज नाही, पण भाकरीचा कडक पापुद्रा चावला की कॅप किंचित फिरते आणि तिथून घाण वास येतो. मागच्या वेळी डॉक्टरांनी कॅपला वरून भोक पाडलं, स्क्रू आवळला आणि भोक बुजवलं. आताही म्हणतात, "परत आवळून देऊ." आई झोपेत दात खाते हे सांगितलं होतं, पण त्यावर काहीच बोलले नाहीत.

कार्डावर 'एक्सटर्नल हेक्स, ४.१' असं आहे. एक नातेवाईक म्हणतात, जुनी पद्धत आहे, काढून नवीन घाला. या वयात पुन्हा हाड कोरायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (दंतवैद्य आहे):

काढायचं मनातही आणू नका. कॅप फिरते पण दुखत नाही, म्हणजे बहुधा स्क्रूच सैल आहे. इम्प्लांट हाडात घट्ट आहे ना, हे कॅप उतरवून आणि एक्स-रे काढून बघायला सांगा.

आवळताना स्क्रू किंचित ताणला जातो आणि तो ताणच कॅप आणि इम्प्लांटचा जोड दाबून धरतो. धातूवरचे बारीक उंचवटे दबले की ताण थोडा उतरतो, म्हणून दहाएक मिनिटांनी टॉर्क पान्याने (मोजून पीळ देणारा पाना) पुन्हा आवळायचा असतो. बऱ्याच सिस्टिममध्ये ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर एवढा पीळ लागतो; नुसत्या हाताने तेवढं होत नाही.

तुमचे नातेवाईक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. एक्सटर्नल हेक्स ही आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांच्या परंपरेतली रचना. इम्प्लांटच्या माथ्यावरचा बाहेरचा षटकोन (हेक्स) जेमतेम ०.७ मिमी उंच, आणि मूळ वापर अनेक इम्प्लांटं एकत्र बांधून अख्खी बत्तिशी बसवायला. एकट्या दाढेत आडवा जोर जवळपास सगळा स्क्रूवर येतो. इम्प्लांटच्या आत शंकूसारखा बसणारा जोड असतो, त्यात तो जोर आतल्या भिंती पेलतात. पण तेवढ्यासाठी घट्ट बसलेलं इम्प्लांट कुणी उपटत नाही.

जुना स्क्रू पुन्हा वापरू देऊ नका, त्याच कंपनीचा नवा घ्या. कॅपचे उंचवटे घासून चावा हलका करून घ्या, रात्रीसाठी नाईट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) करा. तोवर त्या बाजूने चावणं बंद! सैल स्क्रू आत तुटला तर तुकडा काढताना नाकी नऊ येतात.

धागाकर्ती: आभार. स्क्रू मागवायला ४.१ एवढं पुरे का?

प्रतिसाद: नाही. तो बहुधा इम्प्लांटच्या माथ्याचा व्यास (मिमी) आहे, बऱ्याच कंपन्यांचा तोच असतो. कार्डावर कंपनीचा आणि लॉट नंबरचा स्टिकर असेल, तो घेऊन जा.