रीबूटला मराठीत काय म्हणायचं, आणि त्यावर उठणाऱ्या ओरडीला काय?

आरमोरीहून, विचारणा

मंडळी, दोन शब्दांवर अडलो आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी सिनेमावर लिहितोय. गाजलेली चित्रपटमालिका नव्या नटांना घेऊन पहिल्यापासून सुरू करतात, तिला रीबूट म्हणतात. मी 'पुनरारंभ' लिहिलं. आठवीतली पोरगी म्हणाली, "सर, म्हणजे शाळा उघडते तसं?" शब्द तिथंच पडला. दुसरी अडचण ओरडीची. सिनेमा यायच्या आधीच लोक चवताळून उठतात, त्याला मी 'चाहत्यांची नाराजी' म्हटलंय, पण मनाला पटत नाही.

आर्वीहून

सर, आमच्या कापसाच्या मुलखात शब्द तयारच हायेत. वेचणी झाली तरी पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देत राहायचं अन् त्याच झाडाचा आणखी कापूस काढायचा, ही फरदड. सिक्वेल म्हणजे फरदडच. झाड तेच, बोंडं बारकी. गुलाबी बोंडअळीला त्यातच आसरा भेटते, म्हणून कृषी खातं सांगते की फरदड घेऊ नका. रीबूट वेगळा. पऱ्हाटी उपटायची, वखरायचं अन् नवी सरकी लावायची. त्याले 'दुबार पेरणी' म्हणा.

साकोलीहून

भाऊ, फरदड अगदी चपखल बसतो. दुबार पेरणी मात्र नको. पावसानं दगा दिला, कोंब करपले, बियाण्याचा पैसा मातीत गेला, तेव्हा तोंडातून निघणारा तो शब्द आहे. ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. रीबूट नापिकीतून होत नाही. पहिलं पीक भरघोस आलं, लोकांना त्याची चव लागली, म्हणून निर्माता पुन्हा त्याच वावरात उतरतो.

मी 'नवा डाव' म्हणेन. पट तोच, सोंगट्या त्याच, पण मागचा हिशेब पुसून पहिल्या दानापासून खेळायचं. २००६ च्या 'कसिनो रोयाल'मध्ये हेच केलं. गुप्तहेर जेम्स बाँडला माणसं मारण्याचा परवाना नुकताच मिळतोय, इथून गोष्ट सुरू होते. १९६२ पासूनचा जमाखर्च बाजूला ठेवला. भुतं पकडणाऱ्यांच्या 'घोस्टबस्टर्स'मध्ये दोन्ही प्रकार सापडतात. मूळ सिनेमा १९८४ चा, २०१६ चा नवा डाव, आणि २०२१ मध्ये मधला डाव वगळून पुन्हा जुन्याच झाडाची फरदड.

आता तुमची 'नाराजी'. सर, हा शब्द खोडाच. नाराज व्हायला आधी काहीतरी पदरात पडावं लागतं. न पाहता ठरवून बसणं हा पूर्वग्रह. त्यातला 'ग्रह' आकाशातला नाही, मनातला आहे; शब्द 'धरणे, घेणे' या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आलेला. आपण 'माझा असा ग्रह झाला' म्हणतो तोच. आधीच मुठीत धरून ठेवलेलं, ते पूर्वग्रह. ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव बाँडसाठी जाहीर झालं आणि त्याच्या सोनेरी केसांवरूनच लोकांनी नाकं मुरडली, एक फूट रीळही कुणी पाहिलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये 'डॉन'साठी रणवीर सिंगचं नाव आलं तेव्हाही तसंच. आणि २००६ मध्ये शाहरुख १९७८ च्या अमिताभच्या जागी उभा राहिला तेव्हा त्यालाही हेच ऐकावं लागलं होतं.

पण २०१६ च्या 'घोस्टबस्टर्स'चं प्रकरण पूर्वग्रहातही मावत नाही. चार पुरुषांच्या जागी चार बाया घेतल्या, तर ट्रेलरवरच नापसंतीचा ढीग पडला. सिनेमा लागल्यावर जुलैत लेस्ली जोन्स या काळ्या अभिनेत्रीला तिच्या रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या आल्या, की तिनं काही काळ ट्विटर सोडलं. याला द्वेष म्हणायचं. इथं 'चाहत्यांची नाराजी' लिहिलं, की शिव्या देणारा बिचारा ठरतो. आपल्याकडच्या दंडार या लोकनाट्यात पुरुषांनी स्त्रीपार्ट केले, ते पिढ्यान् पिढ्या आपण मांडी घालून पाहिले. बाईनं पुरुषाची भूमिका केली तर आभाळ का कोसळावं, हे मला कळत नाही.

आरमोरीहून

ताई, पटलं. पण मग जुन्यावर जीव असणाऱ्यानं तोंडच उघडू नये का?

साकोलीहून

उघडावं की! दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, आमच्या गावात एक जुनं नाटक नव्या संचात आलं होतं. चटईवर माझ्याशेजारी एक म्हातारी, अंगावर दुलई. पडदा उघडायचा होता, आणि ती म्हणाली, "पयल्याची सर नाही येत." मग रात्रभर डोळ्याला डोळा न लावता बघत बसली. मधल्या वेळेत चहासुद्धा तिथंच मागवला. उजाडताना दुलई झटकत पुन्हा तेच बोलली, "पयल्याची सर नाही येत." शब्द तेच होते. रात्री तो पूर्वग्रह होता, पहाटे तिचं मत झालं होतं. नाराजी म्हणायची तर त्या पहाटेच्या वाक्याला म्हणा, तिनं ती जागून कमावली होती.

आरमोरीहून

मथळा बदलला: 'नवा डाव आणि जुना ग्रह'. लेस्ली जोन्सच्या परिच्छेदात 'द्वेष' लिहिलं. फरदडही ठेवतोय, फक्त आमची पोरं धानाच्या बांध्यांतली, पऱ्हाटी कुणी जवळून पाहिलेली नाही.

आर्वीहून

सर, पहिल्या वेचणीचं बोंड अन् फरदडीचं बोंड एका तळहातावर ठेवून फोटो धाडतो. भित्तिपत्रकावर तोच चिकटवा.