पिसदुऱ्याचे डायनासोर गवत खायचे का?

नागपूरकरीण: रमण विज्ञान केंद्रातले डायनासोर बघून आल्यापासून लेकीनं डोकं खाल्लंय. तिच्या पुस्तकात लिहिलंय, डायनासोरांच्या काळी गवतच नव्हतं. मी मात्र कुठंसं वाचलं की वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला त्यांच्या शेणात गवत सापडलं. खरं काय? आणि दगड झालेलं शेण शाकाहाऱ्याचंच, हे ठरवतात कसं? उन्हाळ्यात तिला तिकडे नेऊ का?

वरोरेवाला: ताई, पुस्तक जुनं आहे. मी त्याच तालुक्यातला, त्यात भूशास्त्र शिकलेला, त्यामुळे लांबण लागणार.

मांसाहाऱ्याच्या विष्ठेत हाडांतलं फॉस्फेट असतं, म्हणून तिचा दगड लवकर होतो. पालाखाऊंचं शेण बहुतेक सडून जातं. पिसदुऱ्याला ते टिकलं, हेच नवल. तिथल्या लालसर मातीत करड्या-तपकिरी रंगाचे गोळे मिळतात. आत झाडपाल्याचे अवशेष, त्यावरूनच ते शाकाहाऱ्याचं ठरतं.

गवताचा पुरावा म्हणजे सिलिका, वाळूत असते तीच. झाडं जमिनीतून ती पाण्याबरोबर ओढतात आणि पेशींत साठवतात. ज्वारीचं पातं हाताला कापतं ना, तेही बरंचसं तिच्याचमुळे. पान कुजलं तरी हे काचेसारखे सूक्ष्म कण उरतात आणि गवताच्या कणांचे आकार वेगळे ओळखू येतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी या जीवाश्म-अभ्यासकांनी आणि सहकाऱ्यांनी या शेणातून किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण ओळखले; 2005 मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात ते छापून आलं. पुढे 2011 मध्ये भाताच्या गटातली गवतंही त्यात दिसली. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपला दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, इथं गवत होतं.

शंकासुर: मग काय, एवढी धुडं गाईंसारखी चरत होती?

वरोरेवाला: नाही हो. गवत थोडंच होतं. सूचिपर्णी, सायकस, ताडवर्गी असलं बरंच काही सोबत होतं. मिळेल ते ओरबाडायचं, असा प्रकार. लांब मानेच्या टायटॅनोसॉरांचे दात पेन्सिलीसारखे, चावायच्या कामाचे नाहीत. ‘गवताळ कुरणात चरणारे डायनासोर’ अशी चित्रं फिरतात ती सोडून द्या.

आणि शेणावर कुणाचं नाव नसतं. त्याच थरांत टायटॅनोसॉरांची हाडं मिळतात, म्हणून अंदाज त्यांच्यावर जातो. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस हा डायनासोर त्याच कुळातला. 1997 मध्ये त्याचं वर्णन आलं. नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेवरून पडलं. पिसदुऱ्याला कासवंही मिळतात, तेव्हा प्रत्येक गोळा डायनासोरचाच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

कापूसवाला: आमच्या भागात याल तर पीक निघाल्यावर, पेरणीआधी या. शेतं लोकांची आहेत, मालकाला विचारूनच आत शिरा. आणि ते बांधावरचे दगड पिशवीत भरून नेऊ नका बाप्पा!

वरोरेवाला: अगदी. मोठं हाड दिसलं तर खणू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, मोबाईलवर जागा नोंदवा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. लेकीला भिंग द्या, गोळ्याच्या फुटक्या बाजूला पाल्याचे तुकडे दिसले तर दिसतील. सिलिकेचे कण मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय नाहीत.