समुद्राच्या पाण्यातून हायड्रोजन: थेट विद्युत अपघटन करावं की आधी पाणी गोडं करावं?

खाडीकाठ

मंडळी, रत्नागिरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रस्तावासाठी विचारतो आहे. छतावर १० किलोवॉटचे सौर पॅनल आहेत, सुट्टीत वीज पडून राहते. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. त्या विजेने समुद्राच्या पाण्यातून हायड्रोजन काढायचा, साठवायचा आणि रात्री फ्युएल सेलवर (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचावर) प्रयोगशाळेचे दिवे-पंखे चालवायचे, अशी कल्पना आहे.

छोटी चाचणी केली. १ लिटर समुद्राचं पाणी, ३०४ स्टीलच्या दोन पट्ट्या, १२ व्होल्ट, १ तास. ऋणाग्रावर पांढरा चिकट थर बसला. धनाग्राची पट्टी खाल्ली गेली, पाणी पिवळट-तपकिरी झालं आणि ब्लीचिंग पावडरसारखा वास सुटला.

तीन गोष्टी हव्या आहेत. धनाग्र कशाचं असावं? रोज पाणी किती लागेल? आणि ‘समुद्राच्या पाण्यापासून थेट हायड्रोजन’ अशा बातम्या येतात, तसा संच विकत मिळतो का?

विद्युतरसायन

आधी ती चाचणी थांबवा. ३०४ स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं. एवढ्या व्होल्टेजला धनाग्रावरचं क्रोमियम विरघळून षट्संयुजी रूपात पाण्यात जाऊ शकतं, आणि ते कर्करोगकारक आहे. पिवळा रंग लोखंडामुळेही येतो, पण क्रोमियम नाही असं धरून चालू नका. ते पाणी मोरीत किंवा खाडीत ओतू नका. लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत मार्गानेच द्या. त्यात आम्ल तर मुळीच घालू नका. पाण्यात हायपोक्लोराइट तयार झालेलं आहे, आम्ल पडताच क्लोरीन वायू सुटेल.

आता तुम्हाला जे दिसलं त्याची कारणं.

धनाग्रावर ऑक्सिजन यायला हवा, पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. कागदावर ऑक्सिजनला १.२३ व्होल्ट पुरतात आणि क्लोरीनला १.३६, म्हणजे ऑक्सिजन आधी यावा. प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण लागते, क्लोरीनला दोनच पुरतात. त्यामुळे क्लोरीनची क्रिया जलद होते आणि तोच पुढे जातो. भांड्यात मधे पडदा नसल्याने तो ऋणाग्राकडच्या आम्लारीत मिसळून हायपोक्लोराइट बनतो. वास त्याचाच.

ऋणाग्राजवळ हायड्रोजन सुटताना हायड्रॉक्साइड तयार होतं. समुद्राचं पाणी हा बदल फारसा पेलत नाही, त्यामुळे बाकीच्या पाण्याचा पीएच ८.१ असला तरी ऋणाग्रालगत तो सहज ११ च्या वर जातो. लिटरमागे असलेलं सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम तिथे हायड्रॉक्साइड होऊन बसतं. त्यासाठी पीएच साडेनऊच्या पुढे गेला की पुरतं. तोच तुमचा पांढरा थर, सोबत थोडा कॅल्शियम कार्बोनेट. एक लिटर पाण्यातून असा ३ ग्रॅमपर्यंत थर बसू शकतो. थराखाली अग्राचा पृष्ठभाग झाकला जातो आणि तेवढ्याच प्रवाहासाठी व्होल्टेज चढत जातं.

१२ व्होल्ट हीसुद्धा उधळपट्टी आहे. एका घटाला सुमारे २ व्होल्ट पुरतात, बाकीची वीज पाणी तापवते. १ अँपिअर प्रवाह १ तास दिला तर २५ अंश तापमानाला सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन मिळतो, मग व्होल्टेज कितीही लावा.

थेट समुद्राचं पाणी वापरून टिकणारं धनाग्र आहे: टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप. किनाऱ्यावरच्या वीज केंद्रांत थंड करण्याच्या पाण्यात शेवाळ-शिंपले वाढू नयेत म्हणून जे इलेक्ट्रोक्लोरिनेटर बसवतात, त्यात हेच असतं. पण तिथे क्लोरीनच हवा असतो. निघालेला हायड्रोजन पंख्याच्या हवेत पातळ करून सोडून देतात आणि ऋणाग्रावरचा थर ठरावीक काळाने आम्लाने धुतात. त्या वाटेने गेलात तर १ किलो हायड्रोजनमागे ३५ किलोपर्यंत क्लोरीन पदरात पडेल. भारताचं २०३० चं वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं उद्दिष्ट असं गाठायचं म्हटलं, तर निघणारा क्लोरीन आज सगळं जग वर्षभरात बनवतं त्याहून जास्त होईल.

गोडंपाणी

पाण्याचं मी सांगतो. या प्रस्तावात पाणी हा सर्वात सोपा भाग आहे.

१ किलो हायड्रोजनला हिशोबाने ९ लिटर शुद्ध पाणी लागतं, शुद्धीकरणातली गळती धरून १० धरा. १० किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी ४० युनिट देतील. लहान संचाला किलोमागे सगळं मिळून ५५ युनिट लागतात असं धरलं, तर रोजचा हायड्रोजन पाऊण किलोच्या आत राहतो. पाणी ७-८ लिटर. एक कळशी!

समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला मोठ्या प्रकल्पात हजार लिटरला ३ ते ४ युनिट लागतात. लहान संचात ऊर्जा परत मिळवायची सोय नसते, म्हणून १० युनिट धरा. तरी १० लिटरला ०.१ युनिट. ५५ युनिटांच्या खर्चात ०.१ वाचवण्यासाठी क्लोरीन, थर आणि गंज अंगावर घ्यायचा का, हा खरा प्रश्न आहे.

मोठ्या आकड्यावरही हेच दिसतं. चेन्नईजवळच्या नेम्मेलीचा प्रकल्प रोज १० कोटी लिटर पाणी गोडं करण्याच्या क्षमतेने २०१३ मध्ये सुरू झाला. तेवढ्या पाण्याचा हायड्रोजन करायचा तर जवळपास २३,००० मेगावॉट वीज चोवीस तास द्यावी लागेल. अडचण विजेची आहे.

तरी समुद्राचंच पाणी घ्यायचं असेल तर क्रम असा ठेवा. पाणी थेट लाटेतून किंवा जेटीवरून न घेता किनाऱ्यावरच्या वाळूतल्या विहिरीतून घ्या, वाळू निम्मं गाळण फुकट करते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गाळ इतका येतो की ५ मायक्रॉनची गाळणीची कार्ट्रिज लगेच तुंबते. मग २० मायक्रॉन, ५ मायक्रॉन आणि त्यानंतर ५५ ते ६५ बार दाबाचा आरओ. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाबच सुमारे २७ बार आहे, म्हणून घरगुती आरओ इथे चालत नाही. शेवाळ मारायला आधी क्लोरीन घातला असेल तर मेम्ब्रेनपूर्वी सोडियम बायसल्फाइटने तो पूर्ण काढा, पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने कायमची खराब होते. दाबाकडच्या जोडण्यांना ३१६ स्टीलही पुरत नाही, भेगांत खड्डे पडतात. सुपर डुप्लेक्स हे जास्त गंजरोधक स्टील घ्या.

पहिल्या आरओनंतर लिटरमागे ३०० ते ५०० मिलिग्रॅम क्षार उरतात. प्यायला ठीक, इलेक्ट्रोलायझरला (पाण्याचं अपघटन करणाऱ्या संचाला) विष. म्हणून दुसरा आरओ आणि शेवटी मिक्स्ड बेड रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी). पीईएम प्रकाराला (ज्यात प्रोटॉन जाऊ देणारी मेम्ब्रेन असते) पाण्याची वाहकता, म्हणजे त्यात उरलेल्या क्षारांचं माप, १ मायक्रोसीमेन्सच्या खाली हवी, ०.१ च्या आसपास उत्तम. सोडियम-कॅल्शियम आत गेलं तर मेम्ब्रेनमधली प्रोटॉनची जागा अडवून बसतं आणि व्होल्टेज चढतं. लोखंड गेलं तर मेम्ब्रेनच कुरतडली जाते.

पण तुमच्या आकाराला मी समुद्राकडे जाणारच नाही. वर्षाला २,७०० लिटर पाणी लागणार. कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० चौरस मीटर छतावरून अडीच लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या सरी सोडून द्या, ५,००० लिटरची झाकलेली टाकी भरा, लहान आरओ आणि रेझिन लावा. क्षार मुळातच कमी असल्याने रेझिन कितीतरी जास्त दिवस टिकेल.

खाडीकाठ

पावसाच्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. पण चीनमध्ये खाडीत संच चालवल्याची बातमी होती, आयआयटी मद्रासचंही वाचलं. ते सगळं चुकीचं म्हणायचं का?

विद्युतरसायन

चुकीचं नाही, चांगलं संशोधन आहे. फक्त बातमीतला ‘थेट’ हा शब्द सोलून पाहावा लागतो.

स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ मध्ये निकेलच्या जाळीवर निकेल सल्फाइड आणि वर निकेल-लोहाचा थर दिला. त्यातून तयार होणारे सल्फेट-कार्बोनेट क्लोराइडला दूर ढकलतात, म्हणून ते धनाग्र १,००० तासांहून जास्त टिकलं. पण पाण्यात कॉस्टिक पोटॅश (एक तीव्र आम्लारी) मिसळलेला होता. अशा क्षारीय समुद्रपाण्याचा फायदा खरा आहे: ऑक्सिजनची आणि हायपोक्लोराइटची क्रिया यांत सुमारे ०.४८ व्होल्टची फट मिळते, त्या फटीत राहिलात तर क्लोरीन टळतो. मात्र घटात पाणी संपतं, मीठ संपत नाही. ९ लिटर पाणी वापरलं की ३०० ग्रॅमहून जास्त मीठ मागे उरतं. मीठ दुप्पट होईपर्यंतच चालवायचं ठरवलं तर १ किलो हायड्रोजनमागे ९ लिटर द्राव फेकावा लागेल. १ मोलर द्रावात लिटरला ५६ ग्रॅम पोटॅश, म्हणजे अर्धा किलो पोटॅश समुद्रात. वर मॅग्नेशियम खाली बसवण्यात १०० ग्रॅम आणखी. प्रयोगशाळेत काही तासांच्या चाचणीत हे जाणवत नाही, रोज चालवताना हाच मोठा खर्च होतो.

आयआयटी मद्रासचं कामही क्षारीय समुद्रपाण्यावरचंच आहे. धातूऐवजी कार्बनचा आधार आणि सेल्युलोजचा पडदा वापरला आहे, कारण धातूचा आधार गंजतो. दिशा योग्य आहे. ॲडलेडच्या गटाने २०२३ मध्ये कोबाल्ट ऑक्साइडवर क्रोमियम ऑक्साइडचा थर देऊन अग्रालगतचं रसायनच बदललं, बाहेरून आम्लारी न घालता.

चीनमधल्या शेन्झेनचं २०२२ चं काम मला सर्वात हुशारीचं वाटतं. घटात ३० टक्के कॉस्टिक पोटॅश, बाहेर समुद्र, मधे टेफ्लॉनचा सच्छिद्र पापुद्रा. टेफ्लॉन ओला होत नाही, त्यामुळे द्रव पाणी आणि मीठ बाहेरच राहतं. आतल्या दाट द्रावावर वाफेचा दाब कमी, म्हणून फक्त वाफ आत खेचली जाते. जेवढं पाणी घटात संपतं तेवढंच येतं. ३,२०० तास, ताशी ३८६ लिटर हायड्रोजन. म्हणजे थेट म्हणतात त्या यंत्रातही मीठ अग्रापर्यंत पोचू दिलेलं नाही. गोडं करण्याचं काम पापुद्र्याने केलं. याची दुखरी जागा पापुद्रा ओला होणं ही आहे. डिझेलचा तवंग किंवा साबण लागला की टेफ्लॉन पाणी शोषू लागतो आणि मीठ आत शिरतं. मच्छीमार जेटीजवळ हे रोजचं संकट ठरेल. तुमच्यासारख्याला खरेदी करता येईल असा संच मात्र मला माहीत नाही.

वायुदक्ष

फ्रान्सचं उदाहरण प्रस्तावात टाका. २०२३ मध्ये ल क्रोआसिकच्या समोर २० किलोमीटर आत, तरंगत्या फलाटावर १ मेगावॉटचा पीईएम संच चालवला गेला. भर समुद्रात, जिथे जागा मोजून मिळते, तिथेही त्यांनी आधी समुद्राचं पाणी गोडं केलं.

आता सुरक्षितता. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेटतो आणि ठिणगी फक्त ०.०२ मिलिज्यूलची पुरते. एका भांड्यातून दोन्ही वायू एकत्र गोळा करणारे संच घेऊ नका, शाळेत तर नकोच. अल्कलाइन (आम्लारीच्या द्रावावर चालणारा) संच सौर विजेवर चालवताना ढग आला की उत्पादन घटतं, पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो, त्यामुळे ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण चढतं. २ टक्क्यांना संच आपोआप बंद व्हायलाच हवा. त्यासाठी वीस-पंचवीस टक्के भाराखाली चालवू नका, किंवा मधे लहान बॅटरी ठेवा.

साठवण ३० बारला केली तर १ घनमीटरच्या टाकीत सुमारे २.४ किलो मावतो, तुमचा एक दिवस ३०० लिटरमध्ये बसेल. दाबाच्या टाकीसाठी आणि सिलिंडरसाठी पेसोचे (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे) नियम लागू होतात. मुख्यालय नागपूरला आहे, आराखडा पक्का करण्याआधीच विचारा. टाकी उघड्यावर, वर छप्पर असेल तर सर्वात उंच कोपऱ्यात झरोका.

आणि दिवे-पंख्यांचा हिशोब लिहाच: ४० युनिट घालून फ्युएल सेलमधून १२ च्या आसपास परत मिळतील. बॅटरीतून ३४-३६ मिळतात. रात्रीच्या विजेसाठी बॅटरी घ्या. हायड्रोजनची खरी गरज अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यांना आहे. १ टन अमोनियाला सुमारे १७८ किलो हायड्रोजन लागतो आणि तो आज नैसर्गिक वायूपासून येतो. तिथे त्याला दुसरा पर्याय नाही.

खाडीकाठ

मग प्रस्ताव बदलतो. रात्रीसाठी बॅटरी, आणि शिकवण्यासाठी ५०० वॉटच्या आतला लहान पीईएम संच, पावसाच्या पाण्यावर. वाहकता किती झाली की पाणी तोडायचं?

गोडंपाणी

रेझिननंतर मीटर लावा. ०.५ ला घंटा, १ ला सोलेनॉइड झडप बंद. एक मीटर संचाच्या फिरत्या पाण्यातही हवा, कारण घाण फक्त बाहेरून येत नाही, आतल्या जोडण्यांमधूनही धातू सुटतो. पितळी नळ आणि जीआय पाइप रेझिनच्या पुढे कुठेही नको, पॉलिप्रॉपिलिन वापरा. संच महिनाभर बंद राहणार असेल तर आतलं पाणी अधूनमधून फिरवत राहा. मेम्ब्रेन वाळली की तडकते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत नेमकं हेच होतं.