मांजराच्या डोळ्यातला तपकिरी डाग पसरतोय, दिसता डोळा आत्ताच काढावा का?

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी, ११ वर्षांची देशी मांजर. डाव्या डोळ्यात बाहुलीभोवतीच्या पिवळ्या भागावर गेल्या वर्षी बारीक तपकिरी ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, तिळासारखे असतील, लक्ष ठेवा. आता ते एकमेकांत मिसळलेत. बॅटरीचा उजेड तिरका टाकला की तेवढा भाग मखमलीसारखा किंचित वर आलेला दिसतो आणि बाहुली त्या बाजूला नीट गोल होत नाही. बाकी खाणं, खेळणं, खिडकीत बसून कबुतरांवर डोळा ठेवणं सगळं चालू आहे.

डॉक्टरांना डिफ्यूज आयरिस मेलानोमाची, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागात पसरणाऱ्या कॅन्सरची शंका आहे. मांजरांत डोळ्याच्या आतच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सर्वात जास्त आढळतो. खात्री मात्र डोळा काढून लॅबला पाठवल्यावरच होणार. साधा डाग निघाला तर चांगला डोळा गेला. थांबावं, तर काचबिंदू होऊ शकतो, लिव्हर-फुप्फुसात पसरू शकतो, आणि पसरलेलं कधीकधी काही वर्षांनी कळतं. माझी झोप उडाली आहे.

ओळखीतले सांगतात, 'आमच्या कुत्र्यालाही होतं, काही झालं नाही.' पण कुत्र्यांत हा मेलानोमा बहुतेकदा पसरत नाही, मांजरांचं तसं नाही. म्हणून कृपया मांजरांचेच अनुभव सांगा. कोणी थांबलं होतं का? कशावरून ठरवलंत? पुणे-मुंबईत फक्त डोळ्यांचं बघणारे पशुवैद्य कोणाला माहीत आहेत का? परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात यासाठी कोणाला भेटावं?

प्रतिसाद

ताई, आमच्या बोक्याचं हेच झालं होतं. नुसता रंग पसरला तोवर आम्ही थांबलो. डाग जाड झाला, बाहुली वाकडी व्हायला लागली, तेव्हा डोळा काढला. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच टप्प्याची वाटतात, म्हणून मी फार थांबणार नाही. डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या आणि डोळ्याच्या आतलं पाणी जिथून निचरतं त्या कोनात डाग शिरलाय का ते बघायला सांगा. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी हवीच. बोका एका डोळ्यावर लवकर सरावला, कपाटावर पूर्वीसारखाच चढतो. आणि काढलेला डोळा लॅबला जाईल हे आधीच पक्कं करा, पुढे किती वेळा तपासण्या करायच्या ते त्या रिपोर्टवरच ठरतं.