काळं गेलं, तांबडा पट्टा गेला नाही. मालकाने अर्धे पैसे अडकवलेत

पाणीवाला_गुहागर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात घरांच्या बाहेरच्या भिंती धुवायचं काम करतो. आधी आंब्याच्या फवारणीला जायचो, दोन वर्षं झाली हे धरलंय. सॉफ्ट वॉश. म्हणजे मशीनच्या मारानं नाही, औषध मारायचं, थांबायचं, साध्या पाण्यानं उतरवायचं. गिऱ्हाइकाला सांगताना मी म्हणतो, भिंतीला आंघोळ घालतो, मार देत नाही.

दसऱ्यानंतर एक चाकरमान्यांचं घर धुतलं. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर क्रीम रंगाचं एक्स्टिरियर इमल्शन. उत्तरेची बाजू काळीकुट्ट, पोफळीच्या सावलीत. 16 लिटरच्या बॅटरी पंपात 3 लिटर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनवालं ब्लीच; कॅनवर 10 टक्के लिहिलंय), बाकी पाणी, वर चमचाभर भांड्यांचं लिक्विड. खालून वर मारत गेलो, पंधरा मिनिटं थांबलो, वरून खाली धुतलं. काळं सगळं उतरलं. मालक मुंबईत, व्हिडिओ बघून खूश.

चौथ्या दिवशी त्यांच्या भावाने फोटो पाठवले. जोत्यापासून दोन फुटांपर्यंत तांबडा पट्टा जसाच्या तसा, आणि एका खिडकीखाली पांढरं पिठासारखं काहीतरी. आता म्हणतात, तुझ्या केमिकलनं भिंत खाल्ली. पट्ट्यावर मी दुप्पट हायपो मारून बघितलं, ढिम्म. आमच्या नाक्यावरचा एक म्हणतो संडासाचं ऍसिड मार, दुसरा म्हणतो प्रेशर मशीन भाड्यानं आण. काय करू?

वेंगुर्ल्याचो_पिचकारी

खंय चुकला ता सांगतंय, पण आधी ते ऍसिडाचं डोक्यातून काढ. हायपो आणि ऍसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. भिंतीवर हायपो राहिलेलं असताना वर ऍसिड मारशील आणि शिडीवर उभा असशील, तर खाली यायला जमणार नाही. नाक्यावरच्या माणसाला शिडीवर चढव म्हणावं.

प्रेशर मशीनचं मी भोगलंय. सुरुवातीच्या वर्षी भाड्यानं आणलं होतं, जुन्या घराला. गिलावा चिऱ्यापासून सुटलेला होता, मी वाजवून बघितलंच नाही. पहिल्या पाच मिनिटांत ताटाएवढा पोपडा खाली आला. ते निस्तरलं असतं, पण भेगांतून पाणी आत गेलं आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेली भाताची कणगी खालून भिजली. गवंड्याचे पैसे मी दिले, भाताचेही दिले. तेव्हापासून धुण्याआधी बोटाच्या पेरानं सगळी भिंत वाजवतो. भरीव आवाज आला तर काम, पोकळ आला तर मालकाला तिथेच बोलावून ऐकवतो.

आता तुझे डाग. ते तीन आहेत, एक नाही. काळं होतं ते शेवाळ आणि बुरशी. ते जिवंत असतं म्हणून हायपोनं मरतं. काही भिंतींवर नारिंगी, विटकरी शेवाळ येतं, तेही हिरव्या शेवाळाच्याच जातीतलं, फक्त रंगद्रव्यामुळे तांबडं दिसतं. तुझा पट्टा तसला असता तर हायपोनं गेला असता. तो गेला नाही म्हणजे ती माती आहे. पावसात पागोळ्या अंगणात पडतात आणि तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर उडतात. त्यात लोहाचा गंज, त्याला क्लोरीन काही करत नाही, तू पंप नाही टँकर ओतलास तरी.

पुढच्या वेळी अंदाज बांधू नको. कापसाचा बोळा हायपोत बुडवून डागावर पाच मिनिटं धरायचा. फिका पडला तर शेवाळ. तसाच राहिला तर दुसरं काहीतरी.

मातीसाठी आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. उरेल त्यावर ऑक्झॅलिक ऍसिड, फरशी पॉलिशवाल्यांकडे पांढरे खडे मिळतात तेच. लिटरला दोन सपाट चमचे, कोपऱ्यात हातभर जागेवर आधी करून बघ. पण त्याआधी भिंत पाण्यानं भरपूर धू आणि एक दिवस जाऊ दे, हायपोचा वास राहता कामा नये. विषारी आहे, हातमोजे, चष्मा, आणि डबा पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेव.

पांढरं पीठ म्हणजे लोणा. भिंतीत पाणी शिरतं, क्षार विरघळवतं, सुकताना ते बाहेर आणून ठेवतं. आपल्याकडे खाडीच्या वाळूत बांधलेली घरं थोडी नाहीत, मीठ भिंतीतच आहे. खिडकीचा खालचा कट्टा बघ, उतार आत असेल नाहीतर फ्रेमशी भेग असेल. तू धुताना तिथे पाणी जास्त मारलं असशील तर भर तूही घातलीस, ते मान्य कर. पण भिंत हायपोनं खाल्ली नाही. लोणा कोरड्या ब्रशनं झाड. पाणी मारलंस तर परत आत जाईल आणि आठवड्यानं वर येईल.

आणि कॅनवरचा 10 हा आकडा भरला त्या दिवसाचा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेलं हायपो निम्म्यावर आलेलं असू शकतं. सावलीत ठेव, थोडं थोडं आण.

रंगाऱ्याचा_डबा

वरच्यांनी सगळं सांगितलं, माझं फक्त दोन गोष्टींवर भांडण आहे. एक, धुणारे जातात आणि दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो रंग सुरू करा. भिंत बाहेरून सुकलेली दिसते, आत ओली असते. नवीन गिलाव्याला आपण 28 दिवस देतो ना, मग धुतलेल्याला निदान आठवडाभर ऊन द्या. दुसरं, सगळ्याच भिंती धुवायच्या नसतात. हात फिरवल्यावर पांढरी पावडर हाताला लागली तर तो रंगच मेलेला आहे, धुवून उगाच पैसे. चुन्याच्या भिंतीला तर हायपो नकोच. खरवडा आणि पुन्हा चुना द्या.

बाकी शेवाळावर तसाच प्रायमर मारणारे रंगारीही आहेत. त्यांच्याबद्दल बोललो तर आमच्या वाडीत मला पाणी मिळणार नाही.

हर्णैची_माहेरवाशीण

मी धुणारी नाही, घरवाली. आमच्याकडे गेल्या वर्षी एकानं असंच केलं आणि भिंतीकडेची अबोली दोन दिवसांत करपली. झाडं आधी भरपूर भिजवून घ्या, तुळस उचलून लांब ठेवा, आणि विहीर जवळ असेल तर पाणी कुठे वाहतंय ते बघा, एवढं तरी सांगा तुमच्या लोकांना.

आणि एक गंमत. आमची मागची भिंत दरवर्षी हिरवी व्हायची. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात मागचा फणस आणि चार माड पडले. फार रडलो. पण त्यानंतर त्या भिंतीला ऊन लागतं आणि शेवाळ नावालाही येत नाही. फांद्या छाटल्या तरी पुरेल बहुतेक.

पाणीवाला_गुहागर

सगळ्यांचे आभार. काल गेलो. बोळा धरला, पट्टा तसाच राहिला, म्हणजे मातीच. साबणानं निम्मा गेला. भिंत धुवून घेतलीये, ऑक्झॅलिकचा हातभर तुकडा आज करतोय. खिडकीच्या कट्ट्याला मागच्या बाजूला नख जाईल एवढी भेग निघाली, तिचा फोटो भावाला दाखवला.

पिचकारी काका, बॅटरी पंप फवारणीचाच वापरत होतो, तो आता फक्त ह्या कामाला ठेवलाय. आतले वायसर हायपोनं चिकट झाले होते आणि पितळी नळी हिरवी. प्लॅस्टिकची घेतली.

पैशांचं असं झालं की मालकाच्या बहिणीनं गणपतीत काढलेला एक फोटो मिळाला. पोरं अंगणात फुगडी घालतायत आणि मागे जोत्यावर तो तांबडा पट्टा ठळक. भावाने बराच वेळ फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, होता काय हा आधीपासून. उरलेले पैसे सोमवारी देतो म्हणाला. आणि विहिरीच्या कठड्याचं शेवाळ पण काढून दे म्हणाला. तिथे औषध नाही म्हटलं, काथ्यानं घासून देतो, दोन दिवस लागतील.